इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीचा कॉमा: कुठे द्यायचा, कुठे नाही

‘बिफोर द मेट्रो ओपन्ड मेनी ऑफिसेस इन पिंपरी रॅन देअर ओन बसेस.’ हे वाक्य नेहमीच्या वेगाने वाचून बघा. नजर ‘मेट्रो ओपन्ड मेनी ऑफिसेस’ इथपर्यंत सरळ जाते आणि मेट्रोने बरीच ऑफिसं उघडली असा अर्थ लागतो. मग ‘रॅन’ येतं आणि सगळं फिसकटतं. वाचणारा मागे जातो, पुन्हा वाचतो, तेव्हा कुठे कळतं की मेट्रो सुरू होण्याआधीची गोष्ट चालली आहे. ‘ओपन्ड’च्या पुढे एक कॉमा असता तर हे मागे जाणं वाचलं असतं.

मराठी माध्यमातून शिकून पुण्यात नोकरीला किंवा शिकायला आलेल्या अनेकांचं इंग्रजी व्याकरण पक्कं असतं. काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही, पण हा एक कॉमा कधी राहून जातो, तर कधी नको तिथे पडतो. त्याला कारण आहे. मराठीत वाक्याचा पहिला भाग कुठे संपला हे सांगायला शब्दच हजर असतात: जर म्हटलं की पुढे तर येतं, जेव्हा म्हटलं की तेव्हा, जरी म्हटलं की तरी. ‘मीटिंग संपल्यावर’, ‘पाऊस पडल्यामुळे’, ‘फॉर्म भरताना’ यांत तर शेवटचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्ययच सांधा दाखवतं. इंग्रजीत ‘इफ’, ‘व्हेन’, ‘आफ्टर’ हे शब्द तुकड्याच्या तोंडाशीच येऊन जातात. तो तुकडा संपला कुठे, हे सांगायला बहुतेक वेळा शब्द उरत नाही. ते काम कॉमा करतो. म्हणून पहिली खूणगाठ अशी बांधा: मराठीत जिथे तुम्ही तर, तेव्हा किंवा तरी म्हणाल, तिथे इंग्रजीत कॉमा.

हे चिन्ह मराठीलाही पूर्वापार नव्हतं. जुन्या पोथ्यांत दंड असे, कॉमा नसे. मराठी छापील मजकुरात विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, आणि हे कँडी पुण्याच्याच संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. इंग्रजीतून आलेला स्वल्पविराम आपण मराठीच्या गरजेप्रमाणे वापरायला लागलो. घोटाळा होतो तो मराठीतली ती सवय परत इंग्रजीत नेली की. असे घोटाळे पुढे जागोजागी दाखवले आहेत.

एक सूचना. इथली सगळी इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वाचताना प्रत्येक वाक्य वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्या आणि कॉमा स्वतः द्या. नुसतं वाचून हा हात बसत नाही.

आधी क्रियापद, मग कर्ता, मग रेघ

नियम पाठ करायला घेण्याआधी ही रीत हातात बसवा. वाक्य घ्या: ‘ड्यू टु हेवी ट्रॅफिक ॲट युनिव्हर्सिटी चौक द टीम रीच्ड द क्लायंट्स ऑफिस लेट.’

पहिली पायरी, मुख्य क्रियापद शोधा. इथे ते ‘रीच्ड’. दुसरी पायरी, त्याला ‘कोण?’ असं विचारा. कोण पोचलं? ‘द टीम’. हा कर्ता. तिसरी पायरी, कर्त्याच्या आधी पेन्सिलीने उभी रेघ मारा. रेघ ‘द’च्याही आधी यायला हवी, कारण ‘द’, ‘अवर’, ‘ऑल द न्यू’ असे शब्द कर्त्याच्याच घरचे. चौथी पायरी, रेघेच्या डावीकडचा मजकूर झाकून टाका आणि उजवीकडचा वाचा. ‘द टीम रीच्ड द क्लायंट्स ऑफिस लेट.’ पूर्ण वाक्य आहे ना? मग डावीकडचा भाग सुरुवातीचा तुकडा आहे आणि रेघेच्या जागी कॉमाचा विचार करायचा. कॉमा येऊ शकतो तो त्या रेघेवरच. ‘ट्रॅफिक’नंतर नाही, कारण ‘ॲट युनिव्हर्सिटी चौक’ हा ट्रॅफिकचाच पत्ता आहे.

दोन प्रकारच्या वाक्यांत कर्ता पहिला येत नाही. आज्ञार्थी वाक्यात तो बोललाच जात नाही: ‘टु डाउनलोड द हॉल टिकेट, क्लिक हिअर.’ इथे रेघ ‘क्लिक’च्या आधी. प्रश्नात ‘विल’, ‘कॅन’, ‘डिड’ कर्त्याच्या पुढे उभे असतात: ‘व्हेन यू रीच स्वारगेट, विल यू कॉल मी?’ इथे रेघ ‘विल’च्या आधी.

झाकून बघायची चौथी पायरी कंटाळवाणी वाटते, पण तीच सगळ्यात जास्त चुका पकडते. ती का, ते पुढे येईल.

तुकड्यात स्वतःचं क्रियापद असेल तर

तर कॉमा द्यायचाच. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘व्हाइल’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘ॲज’, ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘अंटिल’ यांपैकी एखादा शब्द पुढे आणि पाठोपाठ कर्ता-क्रियापद, असा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आला की इथे शब्द मोजत बसायचं नाही. ‘इफ इट रेन्स, वी विल शिफ्ट द इव्हेंट टु द हॉल.’ तुकडा तीनच शब्दांचा, तरी कॉमा हवा.

कॉमा राहिला तर सगळ्यात मोठा घोळ याच प्रकारात होतो, कारण तुकड्याचं शेवटचं क्रियापद पुढच्या कर्त्याला आपलं कर्म समजून ओढून घेतं. ‘व्हेन आय कॉल्ड मंदार वॉज इन अ मीटिंग.’ वाचणाऱ्याला वाटतं, मंदारला फोन केला. तसं नसेलही, फोन दुसऱ्या कुणाला केला असेल. ‘आफ्टर वी लेफ्ट द ऑफिस वॉज लॉक्ड.’ इथे ‘लेफ्ट द ऑफिस’ एकत्र वाचलं जातं. ‘ॲज द वॉटर रोझ द रेसिडेंट्स मूव्ह्ड अपस्टेअर्स.’ इथे ‘रोझ’ला कर्म लागत नाही म्हणून अर्थ बिघडत नाही, फक्त वाचताना ठेच लागते. क्रियापद कर्म घेणारं असेल तर अर्थ बिघडतो, नसेल तर वेग बिघडतो. कॉमा दोन्ही वेळा हवा.

हाच तुकडा वाक्याच्या शेवटी गेला की कॉमा सहसा जातो. ‘वी विल शिफ्ट द इव्हेंट टु द हॉल इफ इट रेन्स.’ इथे ‘इफ’ हा शब्दच सांधा दाखवतो, वेगळ्या खुणेची गरज नाही. ‘ऑल्दो’ मात्र विरोध दाखवतं, म्हणून शेवटी आलं तरी त्याच्या आधी कॉमा देतात: ‘द बस केम ऑन टाइम, ऑल्दो द रोड वॉज फ्लडेड.’

आता मराठीची पहिली सावली. जरी-तरी आणि जर-तर ही जोडी जिभेवर इतकी बसलेली असते, की इंग्रजीतही दुसरा शब्द आपसूक येतो. ‘ऑल्दो द सर्व्हर वॉज स्लो, बट वी फिनिश्ड द टेस्टिंग.’ ‘सिन्स द क्लायंट डिड नॉट रिप्लाय, सो वी क्लोज्ड द टिकेट.’ ऑफिसच्या मेलमध्ये अशी वाक्यं रोज दिसतात. ‘ऑल्दो’ असेल तर ‘बट’ काढा, ‘सिन्स’ किंवा ‘बिकॉज’ असेल तर ‘सो’ काढा. तरी आणि म्हणून यांचं काम कॉमाने आधीच केलेलं असतं. ‘इफ’पुढचं ‘देन’ चुकीचं नाही, पण साध्या मजकुरात त्याची गरज नसते.

आयएनजी, ईडी आणि टु

क्रियापदाचं रूप आहे, पण त्याला स्वतःचा कर्ता नाही, असे हे तुकडे. ‘वेटिंग फॉर द बस ॲट डेक्कन, सायली फिनिश्ड द रिपोर्ट.’ ‘टायर्ड ऑफ द ट्रॅफिक, ही मूव्ह्ड टु अ फ्लॅट नीअर द ऑफिस.’ ‘टु अव्हॉइड द क्यू, बुक द टिकेट ऑनलाइन.’ तिन्हीकडे कॉमा.

पण हीच रूपं कर्ता म्हणूनही बसतात, आणि तेव्हा कॉमा दिला तर वाक्य तुटतं. ‘वेटिंग फॉर द बस ॲट डेक्कन टेक्स हाफ ॲन अवर.’ ‘टु गेट अ सीट इन द मॉर्निंग लोकल इज डिफिकल्ट.’ दोन्हींतला फरक कळायला चौथी पायरी लावा. पहिल्या सायलीच्या वाक्यात डावी बाजू झाकली तर ‘सायली फिनिश्ड द रिपोर्ट’ उरतं, स्वतःच्या पायावर उभं. इथे मात्र ‘टेक्स हाफ ॲन अवर’ उरतं. कोण घेतं अर्धा तास? बसची वाट पाहणंच. म्हणजे तो तुकडा स्वतःच कर्ता, म्हणून कॉमा नाही.

या प्रकारात आणखी एक चूक लपलेली असते आणि ती कॉमाने झाकत नाही, उलट उघडी पडते. ‘रीडिंग युअर मेल, द प्रॉब्लेम बिकेम क्लिअर.’ कॉमा अगदी बरोबर जागी आहे, वाक्य चूक. इंग्रजीत अशा तुकड्यातलं काम कॉमाच्या लगेच पुढे येणाऱ्या कर्त्याने केलेलं असतं. इथे मेल कोणी वाचला? लिहिल्याप्रमाणे, प्रॉब्लेमने. मराठीत ‘तुमचा मेल वाचून अडचण लक्षात आली’ हे वाक्य कुणाला खटकत नाही, कारण ‘माझ्या’ किंवा ‘आमच्या’ हे ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो. इंग्रजी वाचणारा तसं भरत नाही. दुरुस्ती सोपी: ‘रीडिंग युअर मेल, वी अंडरस्टुड द प्रॉब्लेम.’ किंवा तुकड्यालाच कर्ता द्या: ‘आफ्टर वी रेड युअर मेल, द प्रॉब्लेम बिकेम क्लिअर.’ तुकड्यातलं मराठी रूप ऊन, ताना किंवा ल्यावर या शेवटांचं असेल, तर कॉमा दिल्यावर पुढचा शब्द त्या कामाचा धनी आहे का, एवढं तपासायची सवय लावा. बायोडेटामध्ये आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही चूक फार होते: ‘युझिंग पायथन, द डेटा वॉज क्लीन्ड.’ तांत्रिक लेखनात हे बरंच चालवून घेतात, तरी ‘युझिंग पायथन, वी क्लीन्ड द डेटा’ हे केव्हाही चांगलं.

क्रियापदच नसेल तर शब्द मोजा

‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘ड्युरिंग’, ‘ड्यू टु’, ‘अकॉर्डिंग टु’ असा आरंभ आणि पुढे नुसती नामं. इथे नियम सैल आहे. तीन शब्दांपर्यंत कॉमा ऐच्छिक: ‘इन द मॉर्निंग वी हॅव अ शॉर्ट कॉल’ हेही चालतं आणि ‘मॉर्निंग’पुढे कॉमा दिला तरी चालतं. चार किंवा अधिक शब्द असतील तर द्या. काही शैलीपुस्तिका ही मर्यादा पाच शब्दांवर ठेवतात. कुठलीही एक धरा आणि एका मजकुरात तीच पाळा. पहिल्या परिच्छेदात कॉमा आणि चौथ्यात तसल्याच तुकड्याला नाही, हे वाचणाऱ्याला निष्काळजीपणाचं वाटतं. दोन प्रिपोझिशन लागोपाठ आली, जसं ‘ऑन द फर्स्ट फ्लोअर ऑफ द न्यू बिल्डिंग’, तर न मोजताच कॉमा.

तुकडा छोटा असला तरी दोन ठिकाणी कॉमाला पर्याय नाही. एक, आकड्याला आकडा भिडतो तिथे. ‘इन २०२२ १२ किलोमीटर्स ऑफ द पुणे मेट्रो ओपन्ड टु पॅसेंजर्स.’ हे वाचवतच नाही. ‘इन २०२२, १२ किलोमीटर्स’ असं हवं. त्याहून बरं म्हणजे वाक्यच फिरवून वर्ष शेवटी नेणं. दोन, छोटा शब्द पुढच्या नामाला चिकटतो तिथे. ‘इनसाइड द कपबर्ड वॉज एम्प्टी.’ कपाटाच्या आत काय रिकामं होतं? ‘इनसाइड, द कपबर्ड वॉज एम्प्टी’ म्हटलं की कपाटच रिकामं होतं हे कळतं.

तारखांचं थोडं वेगळं. आपल्याकडच्या पद्धतीने ‘ऑन १२ जुलै १९६१, द पानशेत डॅम बर्स्ट’ असं लिहिताना तारखेच्या आत कॉमा लागत नाही, शेवटी एक पुरतो. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो आणि वर्षाच्या दोन्ही बाजूंना कॉमा पडतात: ‘ऑन जुलै १२, १९६१, द पानशेत डॅम बर्स्ट.’ इथे दुसरा कॉमा हमखास विसरला जातो. नुसतं वर्ष असेल तर, ‘इन १८८५ द डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्टार्टेड फर्ग्युसन कॉलेज’, कॉमा तुमच्या मर्जीवर.

आणि एक उलटा अपवाद. तुकड्यानंतर कर्ता न येता थेट क्रियापद आलं, तर तुकडा कितीही लांब असो, कॉमा द्यायचा नाही. ‘नीअर शनिवारवाडा स्टँड्स लाल महाल.’ ‘ऑन द लास्ट बेंच ऑफ द लायब्ररी वेअर थ्री अनक्लेम्ड बॅग्ज.’ इथे कर्ता शेवटी गेला आहे. कॉमा दिला तर क्रियापद एकटं पडतं.

एकेकटे शब्द

‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मीनव्हाइल’, ‘फॉर्च्युनेटली’, ‘फॉर एक्झाम्पल’, ‘इन फॅक्ट’, ‘येस’, ‘नो’ यांच्यापुढे कॉमा. ‘टुडे’, ‘यस्टर्डे’, ‘नाऊ’, ‘देन’, ‘सून’ यांच्यापुढे सहसा नाही. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ यांच्यापुढे कधीच नाही. ‘काइंडली, डू द नीडफुल’ असा कॉमा दिसला की काढून टाका, आणि जमल्यास नेमकं काय करायचं तेही लिहा.

‘हाउएव्हर’ जपून वापरा. ‘तथापि’ या अर्थाने आलं तर कॉमा: ‘हाउएव्हर, द लिफ्ट इज नॉट वर्किंग.’ ‘कितीही’ या अर्थाने आलं तर त्याच्यापुढे कॉमा नाही, अख्खा तुकडा संपल्यावर आहे: ‘हाउएव्हर फास्ट यू टाइप, चेक द नेम्स ट्वाइस.’ आणि हाच शब्द दोन पूर्ण वाक्यांच्या मधोमध आला तर नुसता कॉमा अपुरा पडतो. ‘द रेन स्टॉप्ड, हाउएव्हर द रोड वॉज क्लोज्ड’ हे चूक. ‘स्टॉप्ड’नंतर अर्धविराम किंवा पूर्णविराम, आणि ‘हाउएव्हर’नंतर कॉमा.

‘बट’, ‘ॲण्ड’, ‘सो’ यांनी वाक्य सुरू करायला हरकत नाही, मात्र त्यांच्यापुढे कॉमा देऊ नका. ‘बट, वी हॅव नो टाइम.’ हा कॉमा बोलताना घेतलेल्या श्वासाचा आहे, वाक्यरचनेचा नाही. श्वास तिथे कॉमा, ही शाळेत शिकवलेली गोष्ट मोठ्याने वाचायला उपयोगी पडते. लिहिताना तिच्यावर विसंबू नका. माणसं कुठेही श्वास घेतात.

हाक मारली की कॉमा. ‘सर, प्लीज अप्रूव्ह माय लीव्ह.’ ‘टीम, द डेमो इज ॲट फोर.’ मेलच्या मायन्यात ‘डिअर सर,’ असा शेवटी कॉमा असतोच. ‘हाय स्नेहा,’ यात काटेकोर नियमाने ‘हाय’पुढेही कॉमा यायला हवा, पण ऑफिसच्या वापरात तो कधीच गळून पडला आहे. तो दिला नाही म्हणून कोणी नाव ठेवणार नाही.

नको तिथे पडणारा कॉमा

सुरुवातीचा कॉमा शिकलेला माणूस पहिले काही दिवस लांबलचक कर्ता दिसला की त्याच्यापुढेही कॉमा देतो. हे कॉमा राहून जाण्यापेक्षा वाईट. राहिलेला कॉमा पुष्कळदा खपून जातो, कर्ता आणि क्रियापद यांच्यामधला कॉमा लगेच नजरेत भरतो.

‘ऑल स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द सेकंड इन्स्टॉलमेंट, आर रिक्वेस्टेड टु मीट द अकाउंट्स सेक्शन.’ नोटीस बोर्डावर हे वाक्य कधी ना कधी प्रत्येकाने वाचलेलं असतं. चौथी पायरी लावा: कॉमाच्या डावीकडचं झाका. ‘आर रिक्वेस्टेड टु मीट द अकाउंट्स सेक्शन.’ कोणाला? उत्तर झाकलेल्या भागात आहे. म्हणजे तो सुरुवातीचा तुकडा नव्हे, कर्ता आहे, नऊ शब्दांचा असला तरी. कॉमा काढा. तसंच ‘द फाइल दॅट यू सेंट यस्टर्डे, इज नॉट ओपनिंग’ आणि ‘व्हॉट द क्लायंट वॉन्ट्स, इज अ सिंपल रिपोर्ट’. मराठीत आपण ‘जी फाइल तुम्ही काल पाठवली, ती उघडत नाही’ असं म्हणतो. तिथे जी-ती अशी दोन टोकं असतात आणि मध्ये स्वल्पविराम शोभतो. इंग्रजीत दुसरं टोकच नाही, मग कॉमा कशासाठी?

दुसरा नकोसा कॉमा ‘दॅट’च्या पुढचा. मराठीत ‘साहेब म्हणाले की,’ असं लिहायची पद्धत रूढ आहे. त्याच ओघात ‘द मॅनेजर सेड दॅट, द रिलीज इज पोस्टपोन्ड’ लिहिलं जातं. ‘दॅट’च्या आधीही नाही आणि नंतरही नाही. ‘दॅट’नंतर ‘इफ’चा तुकडा आला तर कॉमा त्या तुकड्याच्या शेवटी एकच: ‘द मॅनेजर सेड दॅट इफ द टेस्ट फेल्स, द रिलीज विल बी पोस्टपोन्ड.’

कोणासाठी लिहिताय, आणि संगणकाचं काय

अमेरिकी लेखनात सुरुवातीचा कॉमा सढळ हाताने देतात, ब्रिटिश लेखनात छोट्या तुकड्यांनंतर बऱ्याचदा गाळतात. खराडी, मगरपट्टा, हिंजवडी इथल्या ऑफिसांत क्लायंट अमेरिकेतला असेल तर द्यायच्याच बाजूने राहा. नवशिक्याने तर कुठेही लिहिताना हेच करावं: ऐच्छिक जागी कॉमा देऊन कोणाचं वाचन अडत नाही. आयेल्ट्सच्या लेखन परीक्षेत चार निकषांना समान वजन असतं आणि त्यांतल्या व्याकरणाच्या निकषात विरामचिन्हंही बघितली जातात, तेव्हा परीक्षा देणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये यासाठी तपासणी आहे. फाइल, मग ऑप्शन्स, मग प्रूफिंग इथे जाऊन व्याकरणाच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉमा आफ्टर इंट्रोडक्टरी फ्रेजेस’ हा पर्याय शोधा आणि खूण करा. वर्ड शंका आलेल्या जागी रेघ दाखवतं. ती रेघ म्हणजे प्रश्न समजा, हुकूम नव्हे. क्लिक करण्याआधी झाकून बघायची पायरी लावा. आयएनजीने सुरू होणारा कर्ता आणि उलटलेलं वाक्य या दोन जागी तर स्वतःच ठरवा.

टाइप करताना कॉमा आधीच्या शब्दाला चिकटून आणि त्याच्यानंतर एक जागा. कॉमाच्या आधी जागा सोडली तर ओळ संपताना तो एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

हात बसवायला आठ वाक्यं

वहीत इंग्रजी अक्षरांत लिहा, प्रत्येकात क्रियापद आणि कर्ता शोधून रेघ मारा, मगच खालची उत्तरं बघा.

१. ड्यू टु द वॉटर कट ऑन थर्सडे द कँटीन विल रिमेन क्लोज्ड.
२. द एम्प्लॉईज हू कम बाय द कंपनी बस शुड कॅरी देअर आयडी कार्ड्स.
३. इफ द बस इज लेट कॉल द ट्रान्सपोर्ट डेस्क.
४. यस्टर्डे वी टेस्टेड द न्यू गेट.
५. टु एंटर फ्रॉम द बॅक गेट यू नीड अ पास.
६. टु एंटर फ्रॉम द बॅक गेट इज नॉट अलाउड.
७. द गेट इज ओपन हाउएव्हर द लिफ्ट इज नॉट वर्किंग.
८. व्हाइल द वॉचमन वॉज वॉशिंग द कार अराइव्ह्ड.

पहिल्यात ‘थर्सडे’नंतर: क्रियापद नसलेला तुकडा, पण सात शब्दांचा आणि दोन प्रिपोझिशनचा. दुसऱ्यात कुठेच नाही. ‘बस’पर्यंत सगळा कर्ता आहे. तिसऱ्यात ‘लेट’नंतर, आज्ञार्थी वाक्य असल्यामुळे रेघ ‘कॉल’च्या आधी पडते, आणि कॉमा नसेल तर ‘लेट कॉल’ अशी भलतीच जोडी तयार होते. चौथ्यात नको. पाचव्यात ‘गेट’नंतर. सहाव्यात नाही, कारण ‘इज’ला ‘काय?’ विचारलं तर उत्तर तो तुकडाच देतो. पाचवं आणि सहावं शेजारी ठेवून पुन्हा एकदा झाकून बघा. सातव्यात ‘ओपन’नंतर अर्धविराम आणि ‘हाउएव्हर’नंतर कॉमा. आठव्यात ‘वॉशिंग’नंतर, नाहीतर वॉचमन गाडी धुत बसतो आणि ‘अराइव्ह्ड’ला कर्ताच मिळत नाही. कॉमा दिल्यावर मात्र वॉचमन नेमकं काय धुत होता असा प्रश्न उरतो, तेव्हा इथे तुकड्यात एक शब्द वाढवावा: ‘व्हाइल द वॉचमन वॉज वॉशिंग द स्टेप्स, द कार अराइव्ह्ड.’